कूस बदला

माझ्या नणंदेला लोक ब्रेकबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, पण ताईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. त्या गाडी चालवायला शिकवायच्या. त्यांच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता. समोर कुत्रं येवो की सायकल, शिकणाऱ्याला काही सुचायच्या आत ताईंचा पाय पडलेला असायचा. गाडी जागच्या जागी थांबायची, शिकणारा पांढराफटक, आणि ताई खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "हं. आता पुन्हा पहिला गिअर टाका." त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

त्यांच्याकडे यायचे ते बहुतेक घाबरलेले लोक. नवरा गेल्यावर दारात गाडी नुसती उभी असलेल्या बायका, अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावायला न धजणारे पुरुष, दुसऱ्या कुणाचा ओरडा खाऊन रडत आलेल्या मुली. ताई त्यांना पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू द्यायच्या नाहीत. नुसतं बसवायच्या. सीट पुढेमागे करायला, आरसे लावायला सांगायच्या आणि घरी पाठवायच्या.

लग्न त्यांनी केलं नाही. मी नवी नवरी असताना एकदा धीर करून कारण विचारलं. "एकाने विचारलं होतं," ताई म्हणाल्या, "पण त्याला गाडी मागे घेता येत नव्हती." एवढंच. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायच्या, जिना बाहेरून, किल्ली वेगळी. नणंद-भावजय म्हटलं की लोकांचे कान टवकारतात, पण आमच्यात खटका उडायचा तो वाळत घातलेल्या कपड्यांवरून. मी घातलेले कपडे त्या काढून पुन्हा आपल्या पद्धतीने चिमटे लावायच्या. मी ते बघायचे आणि धुसफुसायचे. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, ताईंच्या शब्दाबाहेर नव्हते. आई गेल्यापासून ताईच त्यांची आई.

एक दिवस ताई म्हणाल्या, "गाडीचा पट्टा आखडलाय. पोटावर काचतो." मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने पट्टा खेचून, सोडून, पुन्हा खेचून बघितला आणि म्हणाला, "पट्टा झकास आहे, ताई. तुम्हीच जरा सुटलात." ताई हसल्या, आम्हीही हसलो. रात्रीचं जेवण कमी केलं, गॅसच्या गोळ्या खाल्ल्या, सकाळी चालायला जाऊ लागल्या. पोट काही उतरेना. बाकी अंग वाळत चाललं आणि पोट तेवढं पुढे. शेवटी मीच हाताला धरून दवाखान्यात नेलं.

पोटात पाणी झालं होतं. पाणी अंडाशयाच्या कॅन्सरमुळे, आणि कॅन्सर अंडाशयात राहिला नव्हता, पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर बारीक बारीक दाण्यांसारखा पसरला होता. ऑपरेशन झालं. मग केमो झाली. तेव्हा ताई घाबरल्या, रडल्या, देवावर चिडल्या, माझ्यावर चिडल्या, केस गेले त्या दिवशी आरशावर टॉवेल टाकून बसल्या. सगळं माणसासारखं केलं. मग बऱ्या झाल्या, केस कुरळे होऊन आले, गाडी पुन्हा रस्त्यावर आली, आणि आम्ही हळूहळू तो शब्द घरात काढेनासे झालो.

तो परत आला. पुन्हा केमो झाली, आणि या वेळी तो जरासा मागे सरून लगेच पुन्हा पुढे आला. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर होते. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. ताईंनी ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढे काय?"

त्या दिवसापासून त्या तशाच झाल्या. आतला मेन स्विच कुणी बंद करावा तशा. जेवायला वाढलं तर जेवायच्या, नाही वाढलं तर मागायच्या नाहीत. टीव्ही लावला तर बघायच्या, आणि मधेच बंद केला तरी त्यांच्या लक्षात यायचं नाही. एकदा वर गेले तर दोरीवर माझेच कपडे, मी घातले होते तसेच, वाकडेतिकडे. ताई शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी चिमट्याला हात लावला नाही. का कोण जाणे, मला डॉक्टरांच्या खोलीत झालं नव्हतं एवढं तेव्हा काळजात धस्स झालं.

एकदा मी न राहवून म्हणाले, "ताई, एकदा तरी रडा हो. मोकळं वाटेल."

"प्रयत्न केला गं," त्या म्हणाल्या. "आरशासमोर बसून केला. येतच नाही. आता काय कांदा कापायला घेऊ?" मग थोड्या वेळाने, "लोकांच्या पोटात भीतीने गोळा येतो. माझ्या पोटात खराखुरा गोळा आहे, पण भीतीच कुठे गेली कळत नाही."

ऑपरेशनच्या डॉक्टरांनी एका चाचणीबद्दल सांगितलं. नवं औषध होतं, थोड्याच बायकांवर करून बघत होते, ज्यांच्यावर नेहमीचे उपाय थकले होते अशांवर. त्यासाठी दुसऱ्या इमारतीत एका डॉक्टरबाईंना भेटायचं होतं. आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरबाई वयाने माझ्या भाचीएवढी असेल, चष्मा डोक्यावर सरकवलेला आणि तो शोधत टेबल चाचपडणारी. शेवटी आमच्या ह्यांनी तिला डोक्याकडे बोट दाखवलं.

"हे औषध म्हणजे एक जीन आहे," ती म्हणाली.

हे म्हणाले, "जीन म्हणजे... पॅन्टची?"

"जनुक," डॉक्टरबाई म्हणाली. तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "जनुक म्हणजे पेशीला दिलेली कृती समजा. अमुक पदार्थ असा असा बनव. आम्ही जी कृती आत पाठवतो, ती वाचून पेशी एक पदार्थ बनवायला लागते, आणि तो पदार्थ शरीराच्या पहारेकरी पेशींना जागं करतो. कॅन्सर समोर असून त्या झोपून असतात. त्यांना हाक मारायची, एवढंच."

"आत कशी पाठवता?" ताईंनी विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी कशाबद्दल तरी प्रश्न विचारला होता, म्हणून मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

"तीच तर खरी अडचण. पूर्वीपासून यासाठी विषाणू वापरतात. त्याचा रोग काढून टाकायचा आणि त्याच्या पोटात हे जनुक घालायचं. पेशीत शिरणं हेच विषाणूचं काम, त्यामुळे तो शिरतो चांगला. पण शरीर त्याला ओळखतं. पहिल्यांदा फसलं तरी दुसऱ्यांदा दारातच मारतं, कधी कधी फार खवळतं. आमच्या औषधात विषाणू नाहीच. चरबीसारख्या पदार्थाचे अगदी सूक्ष्म थेंब आहेत, त्यांत जनुक गुंडाळलेलं आहे. शरीर त्यांच्यावर तेवढं चवताळत नाही, म्हणून दर आठवड्याला देता येतं."

"आणि ते थेंब पेशीत शिरतात?"

"बहुतेक शिरत नाहीत. फार थोडे शिरतात. आणि शिरले तरी ती कृती थोडे दिवसच टिकते. म्हणूनच पुन्हा पुन्हा द्यायचं. तुम्हाला याचा फायदा होईलच, असं मी सांगू शकत नाही. किती डोस झेपतो, ते बघायला ही चाचणी आहे."

हे माझ्याकडे बघायला लागले. चल उठू या, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. पण ताईंनी मान डोलावली. "माझे विद्यार्थीही पहिल्या दिवशी बहुतेक गर्दीत शिरत नाहीत," त्या म्हणाल्या. "करू या."

घरी येताना ह्यांनी विचारलं, "ताई, खरंच करायचंय तुला? की नुसतं कुणी म्हटलं म्हणून?"

"हवंय असंही नाही आणि नकोय असंही नाही. पण ती मुलगी खोटं बोलली नाही," ताई म्हणाल्या.

बरगडीखाली कातडीच्या आत एक बटणाएवढं तोंड बसवलं, त्याला जोडलेली नळी पोटाच्या पोकळीत. औषध रक्तात द्यायचं नव्हतं. जिथे दाणे होते तिथेच, पोटात ओतायचं होतं. दर आठवड्याला सकाळी आम्ही त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जायचो. लांबट खोली होती, खिडकीकडे तोंड केलेल्या खाटा, एका कोपऱ्यात वजनकाटा, आणि सतत घरघरणारा एक फ्रीज ज्याच्या दारावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी. आमचे हे पहिल्या दिवशी आले, स्पिरिटच्या वासाने पांढरे पडले आणि सिस्टरनी त्यांनाच आधी खाटेवर झोपवलं. त्यानंतर ते खालीच, इमारतीच्या दारात थांबायचे.

सिस्टर मजबूत बांध्याच्या, हात लोहारासारखे आणि स्पर्श मात्र हलका. औषधाची पिशवी जरा धुरकट पाण्यासारखी दिसायची. औषध पोटात उतरलं की वरून साधं सलाईन, मग पोट टम्म फुगायचं. आणि मग खरं काम सुरू व्हायचं. औषध पोटात सगळीकडे पोचावं म्हणून ताईंना सारखी कूस बदलायला लावायचे. थोडा वेळ डावी, थोडा वेळ उजवी, मग उताणं, मग डोकं खाली आणि पाय वर. सिस्टर येऊन म्हणायच्या, "कूस बदला, ताई," आणि खांद्याखाली एक आणि कमरेखाली एक हात घालून अलगद वळवायच्या. ताई डोळे उघडे ठेवून वळायच्या. दुखतंय का विचारलं तर म्हणायच्या, "दुखत असेल."

शेजारच्या खाटेवर एक शिंपीणबाई यायच्या. त्याही त्याच चाचणीत होत्या. त्यांची जीभ क्षणभर टाळ्याला लागायची नाही. सुनेचं बाळंतपण, गिऱ्हाइकांची बिघडलेली मापं, शेजारणीचा पोपट, सगळं ताईंना ऐकावं लागायचं, आणि सिस्टरनी त्यांना पलीकडच्या कुशीवर वळवलं तरी त्या भिंतीकडे तोंड करून पुढे बोलत राहायच्या. "माझ्या पोटात आता एवढं ओतलंय, की पुढच्या वेळी साबण घालून कपडेच धुवा," असं त्या एकदा म्हणाल्या आणि सगळी खोली हसली. ताईंनीही ओठ हलवले. मी बघितलं, ते हसू नव्हतं. समोरचा हसतो तेव्हा चेहऱ्याने काय करायचं असतं, ते त्यांना आठवलं होतं.

संध्याकाळी घरी आलं की ताप चढायचा, मळमळायचं. मी उशाशी बसायचे. तापातलं माणूस काहीबाही बडबडतं, पण ताई तापातही गप्प.

एका सकाळी कुशीवर वळवता वळवता सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुम्ही ब्रेकबाई ना? मला शिकवाल का? लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेय. गाडी दारात आहे. वडील शहराबाहेर राहतात, तिकडे संध्याकाळनंतर बस नाही. त्यांना काही झालं तर मी इथून बघत बसणार." आणि मग आवाज लहान करून, "सुई टोचताना माझा हात हलत नाही, पण स्टिअरिंग धरलं की पाय लटपटतात."

मी तोंड उघडलं होतं नको म्हणायला. ताई म्हणाल्या, "रविवारी सकाळी या. मऊ तळव्याचे बूट घाला."

अशी त्या दोघींची शिकवणी सुरू झाली. ताईंना एकटं सोडायला आम्ही तयार नव्हतो, म्हणून मी मागच्या सीटवर. मी स्वतः गाडी शिकले नाही. ब्रेकबाईची भावजय असून शिकली नाही, यावर ओळखीपाळखीत कितीतरी विनोद झाले असतील. गोदामांच्या मागे मोठी सिमेंटची मोकळी जागा होती, रविवारी तिथे कुणी नसायचं. ताई पट्ट्याखाली पोटावर दुमडलेला टॉवेल ठेवायच्या, म्हणजे नळीच्या तोंडावर दाब यायला नको. सिस्टर गाडी सुरू करायच्या आणि ती आचका देऊन बंद पडायची. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"सॉरी, ताई."

"माझी माफी कशाला? गाडीची मागा. क्लच एवढ्यात सोडू नका. तुम्ही मला वळवता तेव्हा एकदम सोडता का? तसं."

सिस्टरना ते पटलं असावं. पुढच्या वेळी गाडी सुरू झाली आणि सिमेंटवरून सरळ पुढे गेली. सिस्टर आनंदाने ओरडल्या, मी मागून टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाल्या, "समोर भिंत आहे," आणि ब्रेक दाबला.

मला वाटलं होतं, शिकवायला लागल्या की ताई पूर्वीसारख्या होतील. तसं झालं नाही. पाय पूर्वीसारखा चालायचा, नजर पूर्वीसारखी, पण गाडीतून उतरल्या की पुन्हा तेच. एकदा मी विचारलं, बरं वाटतं ना शिकवताना? त्यांनी खरोखर विचार केला. "वाईट वाटत नाही," म्हणाल्या. "सध्या एवढंच आहे माझ्याकडे."

पुढे एका आठवड्यात शिंपीणबाईंची खाट रिकामी होती. वर नवी चादर घातली होती. मी सिस्टरकडे बघितलं, सिस्टर पिशवीची नळी जोडण्यात गुंतल्या. त्या दिवशी खोलीत फ्रीजची घरघर फार मोठी वाटली.

रविवारी गोदामांच्या मागे, गाडी मागे घ्यायचा धडा चालू असताना, सिस्टर मधेच थांबल्या आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागल्या. "गेल्या त्या, ताई. शिंपीणबाई. घरीच गेल्या. मी तुम्हाला सांगायचं नसतं. आम्हाला परवानगी नाही."

ताई समोर बघत होत्या. मग त्यांनी कप्प्यातून काच पुसायचा पिवळा कपडा काढला आणि सिस्टरच्या मांडीवर ठेवला.

"रडा," त्या म्हणाल्या. "गाडी न्यूट्रलमध्ये आहे."

सिस्टर बराच वेळ रडल्या. त्या कपड्याने नाक पुसलं, चेहऱ्यावर काळा पट्टा उमटला. ताईंनी सिस्टरच्या रडण्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला ते अजून विसरता येत नाही. कीव नव्हती त्यात, दुःखही नव्हतं. दुसऱ्याच्या ताटात एखादा पदार्थ दिसावा आणि त्याची चव आठवायचा प्रयत्न करावा, तसं काहीतरी.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता आरसा बघा. मागे कुणी नाही ना? मग घ्या मागे."

औषधाच्या आधी दर वेळी पोटातलं थोडं पाणी काढून तपासायला न्यायचे. एक दिवस डॉक्टरबाई स्वतः वर आली, जवळजवळ धावत. चष्मा डोक्यावर, हातात एक छापलेला आलेख. "ताई, तुमच्या पोटातल्या पाण्यात तो पदार्थ सापडला! भरपूर. आणि रक्तात जवळजवळ नाही. म्हणजे जिथे हवा तिथेच बनतोय. थेंब आत शिरलेत, तुमच्या पेशी ती कृती वाचताहेत. पहारेकरी पेशीही वाढल्यात."

तिचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा झाला होता. ताई डाव्या कुशीवर होत्या. त्यांनी मान जराशी उचलली.

"बरं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईचा हात आलेखासकट खाली आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने म्हणाले, "फार चांगली बातमी दिलीत हो, डॉक्टर, आम्हाला खूप..." पण ताईंनी मला हातानेच थांबवलं.

"तुमचं अभिनंदन, डॉक्टर. मनापासून करते. फक्त मन सध्या जरा बाहेर गेलंय. आलं की पुन्हा करीन."

डॉक्टरबाई खाटेच्या कडेवर बसली. मग ती म्हणाली, "माझंही पूर्ण खरं नाही, ताई. पदार्थ बनतोय म्हणजे गाठी कमी होतीलच असं नाही." ताई म्हणाल्या, "ते तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. पुन्हा कशाला सांगता?" आणि त्यांनी तिच्या डोक्यावरचा चष्मा हात लांब करून नीट तिच्या नाकावर बसवला.

स्कॅन झालं. दाणे वाढले नव्हते. कमी झाले नव्हते, पण वाढलेही नव्हते, आणि पोटातलं पाणी उतरलं होतं. आमच्या ह्यांनी संध्याकाळी गोडाचं आणलं, शेजारी वाटलं, आणि कशाबद्दल ते विचारलं तर सांगता येईना म्हणून "असंच" म्हणाले. ताईंनी एक तुकडा खाल्ला. पुढचे काही महिने चांगले गेले. चांगले म्हणजे ताई जिना स्वतः चढायच्या, भाजी स्वतः आणायच्या, आणखी दोन घाबरलेल्या बायकांना शिकवायला घेतलं. सिस्टर परीक्षा पास झाल्या. त्या फुलं घेऊन आमच्याकडे आल्या, ताईंना मिठी मारली आणि लगेच दचकून मागे सरल्या, नळीला लागलं की काय म्हणून. "लागलं नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही गाडी कुठे लावलीत? गेटसमोर असेल तर आधी काढा."

मग एका स्कॅनमध्ये नवे दाणे दिसले, यकृताजवळ. चाचणीचा नियम असा, की रोग वाढला की औषध बंद. डॉक्टरबाईने ते सांगितलं, आणि दुसरं काय काय करता येईल तेही सांगितलं. तिचा आवाज सरळ होता, पण बोलताना ती पेनाचं टोपण सारखं काढत-घालत होती.

"माझ्यामुळे पुढच्यांना काही कळलं का?" ताईंनी विचारलं.

"हो. एवढा डोस झेपतो हे कळलं. पुढच्या बायकांना आम्ही याहून वरचा देणार आहोत, केमोच्या जोडीने. तुमच्याशिवाय ते धाडस झालं नसतं."

"मग द्या. मला आता आणखी काही नको."

हे खाली दारात उभे होते. त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. ते "बरं" म्हणाले, अगदी ताईंच्या आवाजात, आणि "मी बसने येतो" म्हणून चालू लागले.

गाडी ताईंनी चालवली. गर्दीतून, सिग्नलला थांबत, वळणावर हात दाखवत, नेहमीसारखी. घरासमोर भिंतीपासून वीतभर अंतरावर लावली. इंजिन बंद केलं आणि उतरल्या नाहीत. मीही बसून राहिले.

"काही वाटलं नाही, बघ," त्या म्हणाल्या. "सगळा रस्ताभर वाट बघत होते. आता वाटेल, मग वाटेल." मग त्यांनी स्टिअरिंगवरचे हात उचलून समोर धरले. दोन्ही हात थरथरत होते. चांगले दिसण्याइतके थरथरत होते. "हे मात्र आपोआप होतंय. यांना कळलं वाटतं."

मी त्यांचे हात हातात घेतले. माझ्या हातांतही ते थरथरत राहिले. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मीच तर त्यांना रडा रडा म्हणून सांगणारी. पण मलाही आलं नाही. आम्ही दोघी तशाच बसलो, काचेवर धूळ होती ती बघत. शेजारच्या काकूंनी खिडकीतून "काय गं, गाडी बंद पडली का?" असं विचारलं, तेव्हा उतरलो.

पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. अन्न जाईनासं झालं, मग पाणी. ताईंना खाली आमच्या खोलीत आणलं. दुखणं थांबवायची औषधं होती, ती वेळेवर दिली. सिस्टर सुट्टीच्या दिवशी स्वतः गाडी चालवत यायच्या आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ताईंना कसं वळवायचं, ते मला शिकवायच्या. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि झटका नाही. मी शिकले. हेही शिकले. स्पिरिटच्या वासाला पांढरे पडणारे आमचे हे, मोठ्या बहिणीचं सगळं करू लागले. ताई त्यांना म्हणाल्या, "तू लहान होतास तेव्हा मी तुझं सगळं केलं. आता फिटलं म्हणू नकोस. अजून बरंच बाकी आहे." हे हसले. त्या दुपारी ताई झोपल्या आणि संध्याकाळी उठल्या नाहीत. हे पायाशी बसले होते, मी स्वयंपाकघरात होते. मला हाक मारली नाही, नुसतं दारात येऊन उभे राहिले, आणि मी गॅस बंद केला.

सगळं झालं. माणसं आली आणि गेली. गाडी विकली. ती घेणाऱ्याने दुसऱ्या बाजूचे पेडल काढून टाकले म्हणे. मी वरची खोली झाडली, गाद्या उन्हात घातल्या. सगळे म्हणत, किती धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. ताईंचं काय झालं होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा आतून कळलं. हात कामं करत होते आणि मी कुठेतरी मागच्या सीटवर बसून बघत होते.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाईचा फोन आला. ताईंच्या पोटातल्या पाण्याचे आणि गाठीच्या तुकड्यांचे नमुने त्यांच्याकडे होते. ताईंनी ते ठेवायला हो म्हटलं होतं, तरी पुढच्या अभ्यासाला वापरण्याआधी घरच्यांना विचारायची पद्धत होती. थेंब कुठल्या पेशींत शिरले आणि कुठल्या पेशींनी दाद दिली नाही, ते त्यांना बघायचं होतं. मी फोन हाताने झाकून ह्यांना सांगितलं.

हे जेवत होते. हातातला घास खाली ठेवला.

"म्हणजे ताईचं काहीतरी अजून तिथे आहे?"

"हो. छोट्या छोट्या कुप्यांत."

"कुठे ठेवतात?"

मी डॉक्टरबाईला विचारलं. तिने सांगितलं, ते मी ह्यांना सांगितलं. "गोठवून ठेवतात. आपल्या घरातल्या फ्रीजपेक्षा कितीतरी गार असतं."

हे ताटाकडे बघत राहिले. "तिला थंडी अजिबात सोसायची नाही," ते म्हणाले. "शाळेत जाताना माझा स्वेटर काढून स्वतः घालायची."

फोनवर डॉक्टरबाई वाट बघत होती. तिच्या मागे कुणीतरी बोलत होतं, दार उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. ह्यांनी मान हलवली, हो म्हणून. मी तिला हो म्हणून सांगितलं. तिने आभार मानले, काही लागलं तर कळवा म्हणाली, आणि फोन ठेवला.

"आमटी गार झाली," मी म्हणाले. "गरम करू?"

"नको," हे म्हणाले, आणि जेवायला लागले. मीही माझं ताट घेतलं.